केटी, वस्तीतला वर्ग आणि वर्गप्रतिनिधीपद: काय धरायचं, काय सोडायचं?

एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: "मी पुण्यात एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय संख्याशास्त्र. गाव लातूर जिल्ह्यात, इथे कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं भरून राहतो. वर्गप्रतिनिधी आहे, एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) गटप्रमुख आहे आणि दर रविवारी एका वस्तीत मुलांचा वर्ग घेतो. पहिल्या वर्षी सीजीपीए ८.४ होता, तिसऱ्या सत्रात ६.७ वर आला आणि प्रोबॅबिलिटीच्या (संभाव्यतेच्या) पेपरात केटी लागली, म्हणजे नापास झालो, तो पेपर पुन्हा द्यायचा आहे. वडील म्हणतात, सगळं सोड आणि अभ्यास कर. मित्र म्हणतात, एनएसएसचं सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत थांब, मग सोड. मॅडम, मला यातून खरंच घडायचं आहे. काय करू?"

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात २२ वर्षं संख्याशास्त्र शिकवते आहे. त्यातली ९ वर्षं एनएसएसची कार्यक्रम अधिकारी होते. त्यामुळे तुझ्यासारखी मुलं दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत, पेपर तपासताना आणि शिबिरात पहाटे चुलीपाशी.

तुझ्या वडिलांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. केटी आधी काढायची. बायनॉमियल, पॉयसन, नॉर्मल ही संभाव्यतेची वितरणं कच्ची राहिली, तर पुढे इस्टिमेशन (नमुन्यावरून अंदाज बांधणं) आणि टेस्टिंग (गृहीतक तपासणं) येतं तेव्हा प्रत्येक पानावर अडायला होतं. घसरलेला सीजीपीए पुढच्या सत्रांत सावरता येतो. कच्चा पाया तिसऱ्या वर्षी सावरायला मात्र वेळ मिळत नाही. तो पेपर ज्यांनी शिकवला त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा वही घेऊन जा. स्टाफरूमच्या दारात उभं राहायला मुलं कचरतात, गावाकडून आलेली जरा जास्तच. पण सोडवलेलं अर्धवट गणित घेऊन आलेला विद्यार्थी बघून शिक्षकाला मनापासून बरं वाटतं, हे मी माझ्यावरून सांगते.

आता वडिलांच्या उरलेल्या अर्ध्याबद्दल. "सगळं सोड" म्हणण्याआधी त्या "सगळ्या"ला तास किती लागतात ते मोजू. एनएसएसचे वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०, आणि ७ दिवसांचं एक विशेष शिबिर. १२० तास वर्षातल्या साधारण ४० आठवड्यांवर पसरले तर आठवड्याला ३ तास होतात. रविवारचा वर्ग जाऊन-येऊन ४ तास धर. आठवड्याच्या १६८ तासांतले हे ७. एवढ्यानं केटी लागत नाही.

मग वेळ जातो कुठे? मी दरवर्षी गटप्रमुखांना एक आठवडा अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवायला लावायचे. त्यात काय निघायचं? प्रमुख पाहुण्यांची वाट पाहण्यात दीड तास. बॅनरवरचं एक नाव चुकलं म्हणून अप्पा बळवंत चौकात दुसरी खेप. टी-शर्टच्या रंगावरून ग्रुपवर रात्री एकपर्यंत चर्चा, आणि मग सकाळचं लेक्चर बुडवून झोप. खऱ्या कामाचे तास थोडे असायचे, कामाभोवतीचा पसारा तिप्पट. तूही हा आठवडा तशी नोंद ठेव, अगदी प्रामाणिकपणे. ती तुला कुणाला दाखवायची नाही.

एनएसएसचं बोधवाक्य तुला पाठ असेल: "नॉट मी, बट यू". २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात ही योजना सुरू झाली, तेव्हा ३७ विद्यापीठांतले ४० हजार विद्यार्थी तीत होते. बोधवाक्यातलं "नॉट मी" काही मुलं फार शब्दशः घेतात. स्वतःचा अभ्यास, झोप, जेवण बाजूला ठेवलं म्हणजे सेवा झाली असं त्यांना वाटतं. पण समाजसेवेतून विद्यार्थ्याचं व्यक्तिमत्त्व घडवणं हा या योजनेचा मूळ उद्देश आहे. केटी घेऊन बसलेला विद्यार्थी घडावा, हेही त्यात येतंच.

तू अभ्यास, नेतृत्व आणि सेवा असे तीन कप्पे केले आहेस आणि एकातलं काढून दुसऱ्यात घालतो आहेस. म्हणून प्रत्येक कप्पा अपुरा वाटतो. मी पाहिलेल्यांपैकी जी मुलं खरोखर वाढली, त्यांचे हे तिन्ही धागे एकाच कामात गुंतलेले होते, आणि त्या कामाकडे ती पुन्हा पुन्हा परत गेली होती. कार्यक्रम झाला, फोटो निघाले, अहवाल गेला. त्यानंतर जो परत जाऊन बघतो की पुढे काय झालं, त्याच्यात फरक पडतो.

एक उदाहरण जरा विस्तारानं सांगते, कारण ते आपल्याच विषयातलं आहे. आमचं दत्तक गाव वेल्हे तालुक्यात होतं, आता त्याला राजगड तालुका म्हणतात. त्या भागात पावसाळ्यात पाऊस थांबत नाही आणि मार्च उलटला की विहिरी तळ दाखवतात. उतार तीव्र, खाली काळा पाषाण, पाणी मुरायला जागा कमी. शिबिरात पहिल्या दिवशी मुलांनी साठेक घरांत फॉर्म भरून घेतले. प्रश्न होता, "पाणी पुरेसं मिळतं का?" पन्नासहून जास्त घरांनी "हो" सांगितलं. संध्याकाळच्या गटचर्चेत सगळे खूश, गावाला पाण्याची अडचण नाही असा निष्कर्षही तयार. तेवढ्यात एस.वाय.ची एक अबोल मुलगी म्हणाली, "पण उत्तरं कुणी दिली?" फॉर्म पुन्हा चाळले. उत्तरं देणारे जवळजवळ सगळे ओट्यावर बसलेले पुरुष होते. पाणी भरणाऱ्या बायका त्या वेळी घरात नव्हत्याच.

दुसऱ्या दिवशी मुली पहाटे सहाला विहिरीवर गेल्या. प्रश्नही बदलला. "काल किती खेपा झाल्या? एका खेपेला किती वेळ लागतो? मे महिन्यात किती लागतो?" हंडा उचलून देता देता उत्तरं मिळाली. उन्हाळ्यात दिवसाचे तीन तास पाण्यात घालवणाऱ्या बायका त्याच "हो" सांगणाऱ्या घरांतल्या निघाल्या. नमुना कसा निवडायचा, प्रश्न कसा विचारायचा, उत्तर कुणाचं घ्यायचं हे मी वर्गात फळ्यावर कितीतरी वेळा लिहिलं असेल. त्या तुकडीला ते परत कधी शिकवावं लागलं नाही.

त्या रात्री गटप्रमुख मुलानं काय केलं, तेही सांगायला हवं. पहिल्या दिवसाचे फॉर्म फाडून टाकू, उगाच आपली चूक दिसेल, असं दोघंतिघं म्हणाले. तो म्हणाला, "दोन्ही ठेवू. अहवालात आधी आपण काय चुकलो ते लिहू." आणि तसंच लिहिलं. त्याला भाषण करता येत नव्हतं, समारोपाला माइकपुढे त्याचे हात थरथरत होते. तरी माझ्या ९ वर्षांतला तो सर्वांत चांगला गटप्रमुख होता.

गोष्ट तिथेच संपली नाही. मुलांनी ओढ्यावर वनराई बंधारा घालायचं ठरवलं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून त्या रचायच्या, खर्च जवळपास नाहीच. पण आमची शिबिरं असायची डिसेंबर-जानेवारीत, वेळापत्रकाच्या सोयीनं, आणि तोवर ओढ्याची धार बोटाएवढी होते. असा बंधारा पाऊस संपता संपता, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वाहत्या पाण्यावर घालायचा असतो. त्या वर्षी आम्ही जानेवारीत घातला, फोटो चांगले आले, पाणी काही साठलं नाही. पुढच्या वर्षी त्यातलीच १५ मुलं शिबिराची वाट न पाहता दिवाळीनंतर दोन शनिवार-रविवार गेली आणि तोच बंधारा नव्यानं घातला. त्या खेपेला गुरांना होळीपर्यंत पाणी पुरलं. त्या चार दिवसांचे तास कुणी एनएसएसच्या कार्डावर मांडले नाहीत.

रक्तदान शिबिराचंही असंच. बहुतेक महाविद्यालयं ती स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन किंवा जयंतीला घेतात. एकाच आठवड्यात शहरभर शेकडो पिशव्या जमतात. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर फक्त ५ दिवस. टंचाई येते ती मे महिन्यात आणि दिवाळीत, जेव्हा कॉलेजं बंद असतात आणि रक्तदाते गावी गेलेले असतात. माझ्या एका विद्यार्थिनीनं पोस्टर करण्याआधी रक्तपेढीला फोन करून विचारलं, "तुम्हाला कधी हवं आहे?" तिकडच्या ताई क्षणभर गप्प झाल्या. मग त्यांनी एप्रिलअखेरची तारीख दिली. शिबिर लहान झालं, परीक्षेच्या धामधुमीत तीसेकच मुलं आली. पण त्या तीस पिशव्या गरजेच्या वेळी पोचल्या. "तुम्हाला कधी हवं आहे?" हा प्रश्न सुचणं यालाच मी नेतृत्व म्हणते. तिच्याकडे कोणतंही पद नव्हतं.

तुझ्या वर्गप्रतिनिधीपदाकडेही याच नजरेनं बघ. जादा प्रॅक्टिकल संध्याकाळी पाचला ठेवायचं का, असं सर विचारतात आणि तू वर्गाच्या वतीनं "चालेल" म्हणतोस. वर्गात दौंडहून, लोणावळ्याहून रेल्वेनं येणारी मुलं आहेत ना? त्यांची गाडी चुकली तर ती घरी किती वाजता पोचतात, हे तुला माहीत आहे का? आणि संध्याकाळी दुकानात कामाला जाणारा जो मागच्या बाकावर बसतो, त्याचं काय? ज्याची अडचण सगळ्यांत शेवटी ऐकू येते ती आधी विचारणं, एवढं केलंस तरी हे पद सार्थकी लागलं. फ्रेशर्स, फेअरवेल, डेज यांची जबाबदारी इतरांना वाटून दे. ती घ्यायला उत्सुक मुलं प्रत्येक वर्गात असतात.

दुकानात काम करणाऱ्या मुलावरून आठवलं. तू स्वतः कॉट बेसिसवर राहतोस, म्हणजे घरून येणारे पैसे मोजकेच असणार. सकाळी पेपर टाकून किंवा मेसमध्ये वाढून शिकणारी मुलं माझ्याकडे येऊन सांगतात, "मॅडम, मी काहीच ॲक्टिव्हिटी केली नाही." मला फार वाईट वाटतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली ती श्रम आणि शिक्षण जोडूनच. पुणे विद्यापीठाची "कमवा आणि शिका" योजना त्यांच्याच नावानं चालते. १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहांतही गावाकडची मुलं काम करत शिकत आली आहेत. पहाटे चारला उठून वर्षभर एक दिवस न चुकवणं हे शिस्तीचं आणि जबाबदारीचं काम आहे, अर्जात ते तसंच लिहावं. तुझ्यावर पैशांची ओढाताण असेल तर आधी ती बघ. विद्यापीठाच्या योजनेची चौकशी कर. रिकाम्या पोटी समाजसेवा करू नकोस.

आता तुझा वस्तीतला वर्ग. हा सोडू नकोस. तू हाती घेतलेल्या तीन गोष्टींत कुणीतरी खरोखर तुझी वाट बघतं अशी ही एकच आहे.

मी स्वतः एफ.वाय.ला असताना असाच वर्ग घ्यायचे, पेठांच्या पलीकडे नदीकाठच्या वस्तीत. वेळ ठेवली होती संध्याकाळी पाच. मुलं यायची, मुली फारशा यायच्या नाहीत. मुलींना शिकायची आवड नाही असं मी महिनाभर समजत होते. मग कळलं, पाचला नळाला पाणी यायचं, आणि पाणी भरणं मुलींकडे. वर्ग सातला नेला आणि मुली आल्या. ज्या शहरात फुले दांपत्यानं १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती, तिथे मला ही साधी गोष्ट उमगायला महिना लागला.

पुढची चूक मोठी होती. मार्चमध्ये परीक्षा आली आणि मी जाणं थांबवलं. कुणाला काही सांगितलं नाही, मुलांना कळेलच असं धरून चालले. जूनमध्ये गेले तेव्हा एका मुलीची आई म्हणाली, "तीन रविवार पाटी घेऊन समाजमंदिराच्या पायरीवर बसून राहायची पोरं." रागावली नाही ती. नुसतं सांगितलं. त्यांतली दोन मुलं पुन्हा कधी वर्गाला आली नाहीत. आज इतक्या वर्षांनीही ती पायरी माझ्या डोळ्यांसमोर येते. त्यानंतर मी कोणतंही काम न सांगता सोडलेलं नाही.

आणि हा वर्ग तुझ्या केटीच्याही कामी येईल. पुढच्या रविवारी प्रत्येक मुलाला एक नाणं दे आणि दहा वेळा उडवायला लाव. आधी विचार, "छाप किती वेळा पडेल?" बहुतेक जण पाच म्हणतील. मग प्रत्येकाचा आकडा फळ्यावर मांड. ३० मुलं असतील तर नेमके पाच छाप साधारण सात जणांना पडायला हवेत, कारण १०२४ शक्यतांपैकी २५२ तशा आहेत. चार आणि सहावाले मिळून बारा-तेरा निघतील, एखाद्याला दोनच पडतील आणि तो हिरमुसेल. त्याला तू समजावून सांगशील की यात त्याचं काही चुकलं नाही. हे सातवीतल्या मुलाला कळेल अशा मराठीत सांगता आलं, की बायनॉमियल तुला आलं.

शिकवायला गेलेल्यांचं काम कुठवर जाऊ शकतं, याचं पुण्यातलंच उदाहरण आहे. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या इथल्या विभागातली मंडळी कचरा वेचणाऱ्या मुलांना साक्षर करायच्या कामात होती. मुलांबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर कचऱ्यापर्यंत जाताना त्यांना दिसलं की अक्षरांच्या आधी या बायकांच्या कामाला मान आणि कमाई मिळायला हवी. त्यातून १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या पाठबळानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, आणि पुढे "स्वच्छ" ही सहकारी संस्था. आज तुझ्या बिल्डिंगखाली ओला-सुका कचरा घेणारी ताई बहुधा तिचीच सभासद असेल. शिकवायला जाणाऱ्यानं ऐकायची तयारी ठेवली म्हणून हे झालं. तुझ्या वस्तीतल्या आयांशी तू कधी निवांत बोलला आहेस का?

मित्रांच्या सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. ते घे, त्यात कमीपणा नाही, काही ठिकाणी प्रवेशाला उपयोगी पडतं. २४० तास आणि शिबिर पूर्ण कर. पण अर्जात "नेतृत्वगुण विकसित झाले" असं लिहू नकोस, निवड करणारे ते वाक्य रोज वाचतात. वर्ग किती महिने चालवलास, मुलं किती होती, सोडून किती गेली आणि का, हे लिही. सोडून गेलेल्यांचा आकडा लिहिणाऱ्यावर मी तरी लगेच विश्वास ठेवते.

म्हणून माझा सल्ला असा. एनएसएसमध्ये राहा, पण गटप्रमुखपद या महिन्यातच एखाद्या एफ.वाय.च्या विद्यार्थ्याकडे सोपव. नुसतं "आता तू बघ" म्हणू नकोस. दोनशे पानी वही घे आणि तिच्यात सगळं उतरव: गावात कुणाशी बोलायचं, टिकाव-फावडी कुठे ठेवली आहेत, कोणत्या मुलाला उन्हात चक्कर येते, गेल्या वेळी काय फसलं. पहिले दोन कार्यक्रम त्याच्या मागे उभा राहा आणि विचारल्याशिवाय बोलू नकोस. हे फार जड जातं. वर्गप्रतिनिधीपद वर्षअखेरीपर्यंत सांभाळ, वर म्हटलं तेवढ्यापुरतंच. रोजचे दोन तास फक्त केटीच्या विषयाला, विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बस नाहीतर सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत, फोन बाहेर ठेवून. वडिलांना फोन करून हा सगळा हिशेब सांग, तासांसकट. मुलगा आकडे मांडून बोलतो आहे हे ऐकल्यावर त्यांची काळजी निम्मी होईल.

रविवारच्या वर्गासाठी एक जोडीदार शोध, शक्यतो अशी कुणीतरी जिची परीक्षा तुझ्याच आठवड्यात नसेल. आणि तुझ्या परीक्षेच्या तारखा लागल्या की त्या वर्गातल्या फळ्यावर लिही. कोणते रविवार तू येणार नाहीस, त्या दिवशी कोण येईल आणि तू परत कोणत्या रविवारी येशील, हे मुलांना मोठ्यानं वाचायला लाव. वाचता न येणाऱ्यांच्या घरी जाऊन सांग.